आंब्याला टर्पेंटाईनचा वास येतो म्हणणाऱ्यांची गोष्ट



मे महिना लागला की आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच विषय असतो. पेटी. देवगड की रत्नागिरी, विमान कधी उतरणार, पिकअप कुणाच्या गॅरेजमधून, आणि गेल्या वर्षी डझनात तीन साक्याचे निघाले त्याचं काय. आपण परदेशात राहून गणपती दोन दिवसांचा केला, दिवाळी शनिवार बघून केली, पण आंब्याच्या बाबतीत तडजोड नाही. म्हणूनच आजचा विषय जरा जपून काढतोय. आज आपण बोलणार आहोत त्या माणसांबद्दल, ज्यांना आंबा आपल्यासारखा लागत नाही.

माझ्या घरातूनच सुरुवात करतो. २०१९ साली माझी मुलगी सात वर्षांची होती. आमच्याकडे हापूसची पेटी आली. मी मोठ्या समारंभानं पहिली फोड कापली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी नेली आणि म्हणाली, "बाबा, याला ख्रिसमस ट्रीचा वास येतो. आणि ते लादी पुसायचं लिक्विड असतं ना, त्याचा."

तुम्ही असता तर काय केलं असतं, माहीत नाही. मी चिडलो. हे काय नखरे, इथं जन्मलीस म्हणून काय झालं, एवढी महागाची पेटी, तुझे आजोबा झाडावरून काढून खायचे, वगैरे सगळं बोलून झालं. तिनं ती फोड रडत रडत संपवली. मी तेव्हा जिंकल्यासारखा उठलो होतो, ते आठवलं की आजही बरं वाटत नाही.

ती खोटं बोलत नव्हती हे मला दोन वर्षांनी कळलं. तेही तिच्यामुळे नाही, माझ्या आईमुळे. त्याच्याकडे येतोच. आधी जरा मागे जाऊ. आंबा ज्यांनी मोठेपणी, परक्या मुलखात, पहिल्यांदा चाखला अशा लोकांनी त्याच्या चवीबद्दल काय लिहून ठेवलंय ते मी नंतर शोधत बसलो. आणि ते वाचताना मला सारखी माझी मुलगीच दिसत होती.

बाबरापासून सुरू करू. १५२६ ला पानिपत जिंकून हा माणूस हिंदुस्थानात राहिला, पण मन त्याचं फरगणा आणि काबूलमध्येच होतं. त्याच्या आत्मचरित्रात, बाबरनाम्यात, इथल्या फळांवर अख्खा भाग आहे. आंब्याबद्दल तो काय म्हणतो? चांगला निघाला तर खरंच चांगला असतो, पण खूप खावे तेव्हा एखादा उत्तम निघतो. काही लोक त्याला खरबूज सोडून बाकी सगळ्या फळांच्या वर बसवतात, पण एवढ्या कौतुकाला तो पुरा पडत नाही. खायच्या दोन पद्धतीही त्यानं नोंदवल्या आहेत: माचून मऊ करायचा आणि भोक पाडून चोखायचा, किंवा साल काढून पीचसारखा खायचा. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीही हा वाद होताच. फणसाबद्दल तर विचारूच नका, मेंढीच्या आतड्यांत सारण भरल्यासारखं दिसतं म्हणतो.

हे वाचून आपल्याला राग येतो. पण त्याच पुस्तकात पुढे, १५२९ च्या सुमारास काबूलमधल्या एका जुन्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात, तो सांगतो की नुकतंच कुणीतरी खरबूज आणलं, मी ते कापलं, खाल्लं आणि मला रडू आवरेना. एवढं राज्य हातात आणि माणूस खरबुजाच्या वासानं रडतोय. आता सांगा, न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या किंवा लंडनच्या उपनगरातल्या गॅरेजमध्ये पेटीचं झाकण उघडून गवताचा वास घेणारे आपण आणि बाबर, फरक किती? त्याच्या नाकाला जे घर होतं ते खरबुजाचं होतं. आंब्याची त्यात सोय नव्हती.

बाबरानंतर वळायचं ते गोव्याकडे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्यानं मिळालेलं होतं, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याच्या झाडाचं त्याला भारी कौतुक, कारण ते वर्षातून दोनदा फळायचं, एकदा नाताळच्या सुमारास आणि एकदा मे अखेरीस. आजच्या मुंबईत राहणाऱ्यांनी हे ऐकून उसासा टाकावा.

पण चवीच्या बाबतीत माझा आवडता साक्षीदार आहे निकोलाव मनूची. हा व्हेनिसचा. सतराव्या शतकात पोरवयात हिंदुस्थानात आला, मोगलांच्या पदरी राहिला, शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष भेटला, आणि उरलेलं आयुष्य इथंच काढलं. तो लिहितो की सगळ्यांत चांगले आंबे गोव्याच्या बेटावर होतात, आणि मग त्यांच्या जातींची यादीच देतो. त्यात एक नाव 'निकुलाव आफोन्सो' असं आहे, ज्यात काही जणांना आपल्या हापूसचं मूळ दिसतं. यादीनंतर तो म्हणतो की यातल्या कित्येक आंब्यांना मला युरोपातल्या पीचची, प्लमची, नासपतीची, सफरचंदाची चव लागली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. बिचारा, घरची आठवण येत असेल, आंब्यात पीच शोधतोय. त्याच काळातला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायरही गोव्याच्या आंब्यापुढे पीच, ॲप्रिकॉट, नेक्टरिन फिके ठरवतो, पण तुलना पीचशीच. वाटलं, माणूस नवं काही चाखतो ते जुन्याच्याच हिशोबात. मनूचीला मी इतक्यात निकालात काढायला नको होतं, ते पुढे कळेल.

इंग्रज आले आणि भाषा बदलली. एकोणिसाव्या शतकातल्या अँग्लो-इंडियन लिखाणात साध्या, रानच्या आंब्याबद्दल एक उपमा पुन्हा पुन्हा भेटते: टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला तागाच्या काथ्याचा बोळा. काथ्या म्हणजे त्यातले दोरे, आणि टर्पेंटाईन म्हणजे वास. मुलगी 'ख्रिसमस ट्री' म्हणाली होती. टर्पेंटाईन निघतं ते पाइनच्याच चिकापासून. दीडशे वर्षांपूर्वीचे साहेब आणि माझी सात वर्षांची मुलगी एकच गोष्ट सांगत होते.

आणि हा निव्वळ गोऱ्यांचा नखरा होता असं समजू नका. वेस्ट इंडीज आणि फ्लोरिडामध्ये आंब्याची एक जुनी जातच आहे, जिचं नाव 'टर्पेंटाईन'. सरळ तेच नाव. दोरेदार, उग्र वासाची, पण झाड काटक, म्हणून आजही फ्लोरिडात कलमाचा खुंट म्हणून तिला वापरतात.

इथं जरा थांबतो, कारण ही गोष्ट अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या आपल्या मुलांच्या जिभेशी थेट जोडलेली आहे. १८८९ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यानं भारतातून मलगोवा जातीची काही कलमं फ्लोरिडात आणवली. तिकडे तिला 'मुलगोबा' म्हणतात. लेक वर्थजवळ एल्ब्रिज गेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी ती लावली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात कडाक्याचं हीव पडलं, झाडं गेली, आणि त्यातून एकच वाचलं. त्या झाडाच्या कोयींपासून वाढलेली रोपं १९०२ मध्ये कॅप्टन हेडन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं मायामीजवळच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये लावली. त्यातल्या एकाला १९१० मध्ये लालभडक, देखणी फळं धरली. तोच 'हेडन' आंबा. आई मलगोवा हे ठाऊक होतं. बाप कोण, हे अलीकडे जनुकीय तपासणीत दिसलं: टर्पेंटाईन जातीचं झाड.

हेडनच्या वंशातला एक 'टॉमी ॲटकिन्स'. सुपरमार्केटमध्ये वर्षभर दिसतो तो लाल-हिरवा, दगडासारखा आंबा बहुतेक वेळा हाच. फ्लोरिडाच्या आंबा बागायतदारांच्या मंडळानं १९५० च्या दशकात त्याला चवीत काही विशेष नाही म्हणून नाकारलं होतं. पण तो टिकतो, रंगानं दिसतो, बोटीतून आपटत गेला तरी डाग पडत नाही. मी एमबीए करताना जे शिकलो ते सगळं या एका फळात आहे: गिऱ्हाईक डोळ्यांनी विकत घेतं आणि सप्लाय चेनला जीभ नसते. तेव्हा आपली मुलं 'मँगो' म्हणून जे ओळखतात त्यात टर्पेंटाईनचं रक्त आहे, हे अलंकारिक बोलणं नाही. शब्दशः खरं आहे.

वासाचं रसायनही सांगून टाकतो, सोप्या भाषेत. १९२० च्या सुमारास डेहराडूनला वनखात्याच्या संशोधन संस्थेत सायमनसेन नावाचा रसायनशास्त्रज्ञ चीड या पहाडी झाडाच्या टर्पेंटाईनवर काम करत होता. त्यात त्याला एक द्रव्य सापडलं, आज त्याला थ्री-कॅरीन म्हणतात. पुढे साठेक वर्षांनी जेव्हा आंब्याच्या वासाची यंत्रावर फोड करायला लागले, तेव्हा अनेक जातींत, विशेषतः फ्लोरिडातून निघालेल्या जातींत, सगळ्यांत जास्त प्रमाणात हेच द्रव्य निघालं. हापूसचं गणित थोडं वेगळं. त्यातही याच कुळातली द्रव्यं, म्हणजे टर्पीन्स, सगळ्यांत जास्त, पण आघाडीवर ऑसिमीन. हे नाव आलंय 'ऑसिमम' वरून, म्हणजे आपल्या तुळशीच्या कुळाच्या शास्त्रीय नावावरून. पुढच्या वेळी हापूसच्या देठाशी नाक नेऊन बघा, हिरवट, पाल्यासारखा एक पदर लागतो का.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालंय. कच्च्या फळात टर्पीन्सच टर्पीन्स. फळ पिकतं तशी दुसरी दोन घराणी दाखल होतात. एक फ्युरॅनोन, जी स्ट्रॉबेरीत आणि अननसात असतात. दुसरी लॅक्टोन, जी पीचमध्ये असतात आणि खोबऱ्यात असतात. प्रमाण अगदी किरकोळ, पण नाक त्यांना लांबून ओळखतं.

पीचमध्ये! म्हणजे मनूचीला भास होत नव्हता. त्या व्हेनिसच्या माणसाचं नाक यंत्र येण्याआधी तीनशे वर्षं बरोबर सांगत होतं, आणि मी त्याला घरच्या आठवणीनं हळवा झालेला म्हणून हसलो होतो.

आणि मग मला आजोळच्या आमराईतली नावं आठवली. तुमच्यापैकी ज्यांनी रायवळ आंबे खाल्लेत त्यांनाही आठवतील. खोबऱ्या. शेप्या. साखऱ्या. केळ्या. आमट्या. गोट्या. शेंदऱ्या. प्रत्येक झाडाला नाव, आणि यातली निम्मी नावं वासाची किंवा चवीची. शेप्या म्हणजे ज्याला शेपूसारखा वास. खोबऱ्या म्हणजे ज्याला खोबऱ्याची चव. प्रयोगशाळेनं 'लॅक्टोन' म्हणून जे लिहिलं ते कुणा आजीनं झाडाखाली बसून 'खोबऱ्या' म्हणून कधीच नोंदवलं होतं. कुणाला शेप्या आवडायचा नाही, तो म्हणायचा, "मला नको, मला उग्र लागतो," आणि शेजारच्या झाडाखाली जायचा. त्यात आंब्याचा अपमान नव्हता की खाणाऱ्याचा.

हे का शक्य होतं? कारण रायवळ कोयीपासून येतो. आंब्याच्या अनेक जातींत कोय लावली की आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते. प्रत्येक रोप म्हणजे नवा पत्ता. गोव्यात पोर्तुगीज मिशनऱ्यांनी आंब्याची कलमं बांधायचा प्रघात पाडला असं मानतात, आणि त्यातून हापूससारख्या जाती जशाच्या तशा टिकल्या. कलम म्हणजे आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट. एकच झाड लाखो ठिकाणी. त्याचे फायदे मोठे आहेत, मी स्वतः पेटीला पैसे मोजतो ते त्याच भरवशावर. २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही योग्यच झालं. पण माझं मत असं की याची एक किंमत आपण मोजली. आंब्याची एकच बरोबर चव ठरली. एकदा एकच चव बरोबर ठरली की ज्याला वेगळी लागते तो चुकीचा ठरतो. रायवळच्या दिवसांत माझी मुलगी 'शेप्या नको' म्हणणाऱ्या कुठल्याही पोरासारखी असती. हापूसच्या दिवसांत ती नखरेल ठरली, आणि वर 'इथंच जन्मलीस म्हणून' हा शेराही तिला मिळाला.

एक आडवळण घेतो, क्षमा करा, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकच बरोबर मत ठरलं की काय होतं त्याचं हे टोक. ऑगस्ट १९६८ मध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओंना आंब्याची पेटी भेट दिली. माओंनी ती स्वतः न खाता बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात पाठवलेल्या कामगारांना देऊन टाकली. उत्तर चीनमध्ये आंबा कुणी पाहिलेलाच नव्हता. कामगारांनी त्याची जवळजवळ पूजा मांडली. एका कारखान्यात आंबा सडायला लागला तेव्हा तो मोठ्या भांड्यात पाण्यात उकळला आणि प्रत्येकाला एक एक चमचा पाणी दिलं. मेणाचे आंबे काचेच्या पेटीत घालून वाटले. एका गावातल्या दंतवैद्यानं तो आंबा बघून म्हटलं की हा तर रताळ्यासारखा दिसतो, आणि त्याला त्यासाठी मृत्युदंड झाला. आंब्याची चव कशी होती हे त्या गर्दीत फारच थोड्यांना कळलं असेल.

बरं, परत नाकाकडे. एकाच फळाचा वास दोन माणसांना वेगळा येऊ शकतो, हे शास्त्रानं कधी मान्य केलं? १९१८ साली अल्बर्ट ब्लेक्सली या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञानं एक छोटा लेख लिहिला. तो व्हर्बिनाची फुलं वाढवत होता. काही फुलं त्याला सुवासिक वाटायची, ती त्याच्या सहायकाला बिनवासाची वाटायची. सहायकाला ज्यांचा वास यायचा त्यांचा ब्लेक्सलीला येत नव्हता. दोघंही एकमेकांना वेड्यात काढू शकले असते. त्याऐवजी त्यांनी कुंड्यांवर चिठ्ठ्या लावून तपासलं, आणि दोघंही आपापल्या जागी पक्के निघाले.

मग १९३१ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स एक पांढरी पूड बाटलीत भरत होता. थोडी हवेत उडाली. बाजूचा सहकारी ओरडला, तोंड कडू जहर झालं. फॉक्सला काहीच जाणवलं नाही. दोघांनी ती पूड मुद्दाम चाखली, तरी तेच. मग इतरांना दिली. काहींना कडू, काहींना माती. वय, वंश, स्त्री-पुरुष कशाचाच संबंध दिसेना. पुढे कळलं की हे घराण्यात उतरतं, आणि २००३ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं.

वासाच्या बाबतीत फळाला अगदी लागू पडणारं उदाहरण २०१३ चं आहे. न्यूझीलंडच्या संशोधकांनी बीटा-आयोनोन नावाच्या द्रव्याचा अभ्यास केला. हे व्हायोलेटच्या फुलात असतं, रासबेरीत असतं, आणि आंब्यातही असतं. एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं ठरतं की तुम्हाला त्याचा फुलासारखा गोड वास येईल, की आंबट, झोंबणारा, व्हिनेगरसारखा. एक अक्षर! आम्ही कोडमध्ये एक अक्षर चुकलं की रात्रभर जागतो, आणि इथं दोन्ही बरोबर आहेत, फक्त आउटपुट वेगळं आहे. माणसाला वासाचे सुमारे चारशे प्रकारचे रिसेप्टर असतात, आणि कुठल्याही दोन माणसांत त्यातले सरासरी ३० टक्के वेगळं काम करतात. माझ्या मुलीत नेमकं कुठलं अक्षर आहे ते मला ठाऊक नाही, आणि ते तपासून घ्यायचीही गरज वाटत नाही. तिला पाइन ठळक येतो आणि मला पीच-खोबरं ठळक येतं, एवढं मला पुरे आहे.

आता आई. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्यात आईला कोविड झाला. घरीच बरी झाली, देवाची कृपा. वास गेला होता, तो महिन्याभरानं परत येऊ लागला, पण वेडावाकडा. आधी कॉफी जळकी लागायला लागली, मग कांद्याची फोडणी सहन होईना. आणि मग पेटी आली. ती रत्नागिरीकडची, आंब्याच्या झाडाखालीच वाढलेली. तिनं आंबा कापला आणि फोनवर मला म्हणाली, "अरे, याला रॉकेलचा वास येतोय."

मी काय म्हणालो असेन? "आई, आंबेवाल्यानं फसवलं तुला." भावाला दुसरी पेटी आणायला लावली. त्यालाही रॉकेल. मग "तुझा भास आहे", मग "खा दोन दिवस, सवय होईल", मग "एवढं काय, नको खाऊस". पुढे पुढे आई आंब्याचं बोलेनाच. जेवताना आमरसाची वाटी समोर आली की म्हणायची, "छान झालाय हो." खोटं. तिनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, त्याच्या नावानं ती आमच्या समाधानासाठी खोटं बोलत होती.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगी मध्येच आली. विषय आंब्याचाच चालला होता. तिनं विचारलं, "आजी, रॉकेल म्हणजे काय?" आईनं सांगितलं, स्टोव्हमध्ये घालायचो आम्ही. मुलगी म्हणाली, "मला पाइन क्लीनरचा येतो. तुला खूप येतो की थोडा?" आणि मग त्या दोघी अर्धा तास बोलत बसल्या. सालीला जास्त येतो की गराला. देठाकडे येतो की टोकाकडे. थंड केला तर कमी येतो का. मी शेजारी बसून ऐकत होतो. पुण्यात आणि इथं मिळून घरात आम्ही सहा जण होतो, आणि आईला कसला वास येतोय हे नीट विचारणारी ती पहिलीच.

या विकाराला पॅरॉस्मिया म्हणतात. विषाणू वासाच्या पेशींना इजा करतो, त्या परत वाढतात तेव्हा काही सिग्नल अर्धवट पोचतात, आणि मेंदू उरलेल्या तुकड्यांवरून वास जुळवतो. खूप जणांचा तो हळूहळू निवळतो. रोज ठरावीक तीन-चार वास हुंगायचा व्यायाम डॉक्टर सांगतात, तो आईनंही केला. लवंग, लिंबू, आणि निलगिरीच्या तेलाची बाटली.

त्या अर्धा तासातून एक कामाची गोष्ट मात्र निघाली. देठाकडचा भाग आणि सालीलगतचा गर काढून टाकला तर दोघींनाही वास कमी यायचा. याला कारण आहे. चीक देठाकडे आणि सालीतच जास्त, आणि टर्पीन्स तिथंच दाटलेली. चोखायच्या आधी देठ तोडून पहिले थेंब पिळून टाकायचे, हे आपल्याला लहानपणी ओठ उतू नयेत म्हणून शिकवलं होतं. ते चिकासाठी बरोबरच आहे, कारण आंबा, काजू आणि अमेरिकेतलं पॉइझन आयव्ही ही एकाच कुळातली झाडं. ज्यांना इथं पॉइझन आयव्हीचं पुरळ उठून गेलंय त्यांनी आंब्याची साल तोंडाला लावू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. आणि थंड केल्यावर वास कमी उडतो, म्हणून फ्रीजमधला आमरस माझ्या मुलीला चालतो. वर एक चमचा तूप घातलं की अजून चालतो, ही तिच्या आजीची भर.

गेल्या मे महिन्यात पुन्हा कॉल झाला. आईनं कॅमेऱ्यासमोर पायरी कापली. मुलीनं विचारलं, "आज किती रॉकेल?"

आई हुंगून म्हणाली, "अगं, आज पाव. बाकी आंबा आहे."

"कसला आंबा? कशासारखा?"

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या विहिरीवरच्या खोबऱ्यासारखा."

मंडळी, तुमच्या घरात आंबा कुणाला वेगळा लागत असेल, नवऱ्याला, सुनेला, शाळेतून डबा परत आणणाऱ्या पोराला, तर त्यांना नेमका कसला वास येतो ते विचारा आणि आम्हाला कळवा. तुमच्या गावच्या रायवळ झाडांची नावंही पाठवा, आणि ते नाव कशावरून पडलं ते आठवत असेल तर तेही. माझ्या यादीत सध्या सात आहेत. पुढच्या भागात तुमची वाचून दाखवतो.